खातूंच्या रॅकेटचा गट

विषय : टेनिसच्या रॅकेटला कोणता गट घालावा, याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

संदर्भ : उपअभियंता श्री. उमाकांत खातू, रत्नागिरी, यांनी श्री. विश्राम गुप्ते ऊर्फ विश्रामकाका यांना समक्ष केलेली तोंडी विनंती.

उपरोक्त विषयास अनुसरून जे घडले ते असे.

"पण नक्की कोणता घालू, काका?"

काका कोर्ट झाडत राहिले.

रॅकेटमध्ये ताणून विणलेल्या जाळीला टेनिसवाले गट म्हणतात. पूर्वी ती जनावरांच्या आतड्याची असे. आता ती प्लास्टिकची असते, आणि आतडी खेळणाऱ्याची पिळवटतात.

विश्रामकाकांनी तरुणपणी मोठमोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या आणि एके दिवशी खेळणे सोडून दिले होते. का, ते कुणाला माहीत नव्हते, म्हणून प्रत्येकजण खात्रीने सांगत असे. गावाबाहेर त्यांचे कौलारू घर होते आणि घरापुढे जांभ्याच्या लाल मातीचे एक कोर्ट. तिथे काका एकटेच असत. सकाळी झाडत, पाणी मारत, चुन्याच्या रेघा आखत. मनगट हातात धरून ते माणसाचा गट सांगतात, अशी त्यांची ख्याती होती. त्यांनी कधी कुणाचे मनगट धरल्याचे पाहणारा मात्र भेटला नव्हता.

"सध्या काय आहे?" काकांनी अखेर विचारले.

खातूंना एवढेच हवे होते. त्यांनी पॉलिएस्टरपासून सुरुवात केली. ते टिकते, पण कोपराला धक्का देते. नायलॉन मऊ, पण लवकर तुटते. उभे धागे एक आणि आडवे दुसरे घातले, तर दोन्हींचे गुण मिळतात, असे परदेशातल्या एका प्रशिक्षकाचे मत खातूंनी वाचले होते, आणि ते खोडून काढणारे दुसऱ्याचेही. ताण किती पौंडांचा ठेवावा, यावर ते धरणाच्या दरवाजाबद्दल बोलावे तसे बोलले.

काकांनी झाडू कुंपणाला टेकवला.

"आणि खेळ कसा आहे तुझा?"

"मागच्या रेघेवरून खेळतो. चेंडूला वरून फिरकी देतो. बॅकहँड दोन हातांचा."

"हा चेंडूचा झाला. मी तुझा विचारला."

...

खातूंना प्रश्न कळला नाही, असे त्यांनी चेहऱ्यावर दाखवले.

"क्लबची फायनल तूच जिंकलास ना यंदा?"

"हो."

"मग गट वाईट कसा?"

खातूंनी रॅकेटकडे पाहिले.

फायनलमध्ये पंच नव्हता. पंचाची उंच खुर्ची होती, पण तिच्यावर सेक्रेटरींनी पाहुण्यांचे हार ठेवले होते. अशा वेळी टेनिसमध्ये रीत अशी, की आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचे. समोरच्याने ते मानायचे. त्याला शंका आलीच, तर त्याने जाळीला वळसा घालून यावे आणि मातीतला ठसा पाहावा. ठसा पाहून झाला की तो पायाने पुसायचा आणि पुढे खेळायचे.

खातूंनी फक्त क्रम बदलला.

शेवटच्या गुणाला इकबाल मुकादमांचा फटका मागच्या रेघेवर पडला, म्हणजे आत. थोडा चुना उडाला. खातूंनी हात वर करून "बाहेर" म्हटले आणि त्याच दमात बुटाने ठसा पुसला.

मुकादम ठसा पाहायला आले नाहीत. ते बसस्टँडसमोर औषधांचे दुकान चालवतात. डॉक्टरांचे अक्षर जसे बिनतक्रार मानतात, तसाच त्यांनी खातूंचा हात मानला. "खातूसाहेब, आज तुमचा दिवस होता," असे म्हणून त्यांनी मिठीही मारली. संध्याकाळी त्यांच्या घरून खातूंकडे फणसाच्या सांदणांचा डबा आला. आणि कोल्हापूरच्या दुहेरीच्या स्पर्धेसाठी त्यांनी स्वतःच्या नावाशेजारी खातूंचे नाव परस्पर देऊनही टाकले.

तेव्हापासून खातूंचा बॅकहँड जाग्यावर नव्हता. चेंडू रेघेच्या आसपास आला की हात आखडे. आता मुकादमांच्या बाजूला उभे राहून खेळायचे होते. कोल्हापूर जवळ आले होते. म्हणून खातूंनी सर्वांत सोयीचा दोषी शोधला होता. तो रॅकेटमध्ये विणलेला होता आणि त्याला बोलता येत नव्हते.

"गट ढिला झालाय बहुतेक," खातू म्हणाले.

"दे इकडे."

काकांनी खिशातून कात्री काढली आणि मधोमध एक धागा कापला. फट् असा आवाज झाला. मग दुसरा, मग शेजारचा. खातूंनी मुंबईहून मागवलेला महागडा गट गवतासारखा खाली पडत गेला. काकांनी रिकामी चौकट त्यांच्या हातात दिली.

"चल. खेळू."

"यानं?"

"मोजे नीट वर घे. माती जाते आत."

काका जाळीपलीकडे गेले. दुखऱ्या गुडघ्यामुळे त्यांना वेळ लागला. खातू रेघेच्या थोडे पुढे उभे राहिले. एवढ्या मोठ्या खेळाडूसमोर हातात पोकळ चौकट घेऊन उभे राहणे बरे दिसत नव्हते, पण पाहायला कुणी नव्हते. कुंपणावरची एक खार सोडली, तर.

पहिला चेंडू आला. खातूंनी सवयीने हात फिरवला. चेंडू चौकटीतून आरपार गेला आणि मागे पडला.

"आत की बाहेर?" काकांनी विचारले.

खातूंनी वळून पाहिले. "बाहेर."

दुसरा चेंडूही आरपार गेला.

"आत."

खातूंना गंमत वाटू लागली होती. फटका चुकण्याची भीती नव्हती, कारण फटकाच नव्हता. खांदे सैल झाले. आपण काहीतरी शिकत आहोत, असा त्यांचा समज झाला. तेवढ्यात तिसरा चेंडू आला. तो रेघेवर पडला. थोडा चुना उडाला.

खातू वळून ठशाजवळ गेले.

"आत की बाहेर?"

"आत," खातू म्हणाले. अगदी स्पष्ट म्हणाले. तसे म्हणता आले, याचे त्यांना बरेही वाटले.

"बघू," म्हणत काका निघाले.

जाळीला वळसा घालून ते हळूहळू आले. रेघेपाशी थांबले. वाकले.

"कुठंय?"

खातूंनी खाली पाहिले. रेघेच्या कडेला माती सारखी झाली होती. तिच्यावर त्यांचा उजवा बूट होता.

...

"आत होता म्हणालास."

"हो."

"मग पुसलास का?"

खातूंनी पुसला नव्हता. पायाने पुसला होता. पण हे असे सांगितले, तर ते कितपत ग्राह्य धरले जाईल, याची त्यांना नोकरीच्या अनुभवावरून कल्पना होती. पाय उचलावा, तर खालची जागा दिसणार होती. न उचलावा, तर काका उभेच होते.

मग खातू बोलले. मुकादमांचा फटका, चुना, वर केलेला हात, सगळे सांगितले. सांदणांचा डबासुद्धा सांगितला. तो रिकामा परत पाठवू नये म्हणून बायकोने त्यात लाडू भरून दिले, आणि मुकादमांनी फोन करून लाडवांचे कौतुक केले, तेही सांगितले.

काका शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी झाडू घेतला.

"हे मला कशाला सांगतोस? तो चेंडू माझा नव्हता."

"काका, पण मग गटाचं..."

"घरी जा."

रॅकेट परत मागायचे खातूंना सुचले नाही. काकांनी ती ओसरीवरच्या खिळ्याला अडकवली.

पुढचे काही दिवस खातू औषधांच्या दुकानावरून जात राहिले. एकदा आतही गेले. दुकानात गर्दी होती, म्हणून डोकेदुखीची गोळी घेऊन बाहेर आले. दुसऱ्या वेळी गर्दी नव्हती. तेव्हाही गोळीच घेतली. "साहेब, इतकं डोकं दुखणं बरं नव्हे. एकदा डोळे तपासून घ्या," असे मुकादमांनी काळजीने सुचवले.

त्यानंतरच्या रविवारी खातू रॅकेट परत मागायला गेले. ती मिळाली की दुसऱ्या कुणाकडून गट घालून घ्यायचा आणि विषय संपवायचा, असे त्यांनी वाटेत ठरवले होते. फाटकाशी आले आणि थबकले.

ओसरीवर इकबाल मुकादम बसले होते. काकांच्या गुडघ्याचे औषध देऊन झाले होते आणि चहा चालला होता. मुकादमांनी खिळ्यावरची चौकट काढून हातात घेतली. उलटसुलट केली. तिच्यातून कोर्टाकडे पाहिले.

"ही आमच्या खातूसाहेबांची," ते म्हणाले. "कोल्हापूर तोंडावर आलं आणि रॅकेट इथं? विसरून गेले की काय?"

काकांनी बशीतला चहा संपवला.

"विसरता येईना, म्हणून ठेवून गेलाय."

मुकादम हसले. मग हसायचे थांबले आणि काकांकडे पाहू लागले. काका कोर्टाकडे पाहत होते.

फाटकाला कडी नाही. खातूंचा हात त्याच्यावर आहे.

विनंती प्रलंबित आहे.