इस्तारीचे हळदीचे पाय

सात तळ्यांच्या मधोमध वसलेलं एक गाव होतं, आणि त्या गावात जमिनीला पाय न लावणारा एक माणूस होता. तो काही उडत नव्हता हो. सायकल चालवत होता.

गावाचं नाव सातबोडी. पूर्व विदर्भातल्या झाडीच्या मुलखात लहान तळ्याला बोडी म्हणतात. अशा सात बोड्या गावाभोवती, बोड्यांच्या मधून बांबूचं आणि मोहाचं जंगल, आणि त्या जंगलातून वळत गेलेली मुरमाची वाट. दरवर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी या वाटेवर सायकलींची फेरी निघायची. अट एकच. सातही बोड्यांना वळसा घालून परत यायचं, पण मध्ये कुठेही जमिनीवर पाय टेकायचा नाही. निघताना कवडूजी नावाचे एक म्हातारेबुवा प्रत्येकाच्या अनवाणी तळपायाला ओली हळद फासायचे. परत आल्यावर तेच पाय उचलून, डोळे बारीक करून तपासायचे. पायडलनं घासेल तेवढी जागा माफ. बाकी कुठे माती दिसली की गडी बाद.

आता जंगलातली वाट ती. कुठे खडी, कुठे रेती, कुठे रानडुकरांनी रात्रभर उकरून ठेवलेलं. दहाजण निघाले तर नऊजण तळपायाला माती घेऊन परत यायचे. हळद घेऊन यायचा एकटा इस्तारी. तेही एकदोनदा नाही, लागोपाठ चौदा वर्षं! दम लागला तर झाडाला हात टेकून उभा राहील, नाला आला तर वेगानं सायकल घालून पाण्यातून पार होईल, पण पाय टेकेल तर शपथ. पोरं त्याला 'नवरदेव' म्हणून चिडवायची. तो रागावायचा नाही, उलट पाय वर करून दाखवायचा.

पण नवरदेवाचा थाट दोन दिवसांचा. तिसऱ्या दिवशी पेटी उचलायची आणि मिरची तोडायला दूर तेलंगणात जायचं, ते होळीलाच परत. तिकडे दिवसभर मिरचीच्या ठसक्यानं शिंका आणि इकडे बायको पार्बता दोन लेकरांना घेऊन एकटी. त्याला ते जाणं मुळीच आवडत नसे. सांगतो कोणाला!

एका वर्षी नवलच झालं. नागपूरची काही माणसं जाड टायरच्या सायकली घेऊन गावात आली. ही माणसं म्हणे डांबरी रस्ता मुद्दाम टाळतात आणि मुरमाच्या, खडीच्या वाटा शोधत हिंडतात. गावाला हसू आवरेना. सरपंच देवकाबाई म्हणाल्या, "बाप्पा बाप्पा! आपण वीस वर्सं डांबरासाठी अर्ज करून राहिलो, अन् हे लोक डांबर नाही म्हणून येऊन राहिले!"

पण देवकाबाई हुशार. त्यांनी ओळखलं, की या वाटेवर पाहुणे येत राहिले तर गावाला काम मिळेल. बायका जेवण रांधतील, कोणी घरी उतरवून घेईल, आणि वाटाड्या तर लागेलच. त्यांनी इस्तारीला बोलावलं.

"येत्या रविवारी पाहुणे येतात. त्यायले सात बोड्या फिरवून आण. खूश होऊन परत आले, तर वाटाड्याचं काम बारा महिने तुलेच. नाही झाले, तर दुसऱ्याले पाहू."

इस्तारी घरी पळतच गेला. पार्बतानं सगळं ऐकलं आणि माळ्यावरून काढलेली पेटी पुन्हा माळ्यावर टाकली. म्हणाली, "आता ही खाली काढाले लावू नका."

आता इस्तारीची अक्कल पाहा. त्याला वाटलं, आपल्याला हे काम मिळतंय ते चौदा वर्षांच्या हळदीमुळे. पाहुणे येणार ते आपला पराक्रम पाहायला. म्हणून रविवारी पहाटे गडी स्वतःहून कवडूजींकडे गेला आणि दोन्ही तळपायांना हळद फासून आला. कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. पण ज्याला कौतुकाची चव लागते, त्याला सांगावं लागत नाही.

बारा पाहुणे निघाले. पुढे इस्तारी. धान कापून झालेलं होतं, थंडी गोड होती, पहिल्या बोडीत बदकंच बदकं उतरली होती. पाहुणे थांबले की इस्तारी झाडाला हात टेकून थांबायचा. झाड नसलं तर त्यांच्याभोवती गोल गोल फिरत राहायचा आणि फिरता फिरताच माहिती सांगायचा. ऐकणाऱ्यांच्या माना दुखायला लागल्या. एका पाहुण्याच्या चाकातली हवा गेली, तेव्हाही हा फिरत फिरत सांगतोय, "डावीकडून काढा जी! आता उजवीकडून!" पाहुण्यानं बिचाऱ्यानं घाम गाळत चाक बसवलं.

पाहुण्यांत कालिंदीबाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. वय बासष्ट. त्यांना कमळ दिसलं की थांब, पक्षी दिसला की थांब, त्यामुळे त्या सारख्या मागे पडत. त्यांनी एकदा विचारलंही, "अहो इस्तारी, तुम्ही कधी खाली उतरतच नाही का?"

"चौदा वर्सं नाही उतरलो जी!" इस्तारी छाती फुगवून म्हणाला आणि पुढे निघाला.

सहाव्या बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पोचल्यावर त्यानं माणसं मोजली. अकरा. पुन्हा मोजली. अकराच! कालिंदीबाई नव्हत्या. फोन लावावा तर त्या जंगलात फोनला रेंज कुठली?

सगळे उलटे फिरले. मागे एक तिवाटा होता. एक वाट बोडीकडे, एक गावच्या शेतांकडे आणि एक खाली नाल्याकडे. नाल्यापलीकडे मोठमोठे दगड होते आणि त्या दगडांत अस्वलं राहत. बाई कुठल्या वाटेनं गेल्या, ते मातीतल्या मागावरून कळणार होतं. पण माग काढायचा तर खाली बसावं लागतं. डोळा जमिनीजवळ न्यावा लागतो. ते सायकलवरून कसं व्हायचं?

इस्तारी वाकून वाकून पाहायला लागला. एक चक्कर मारली. दुसरी मारली. काही समजेना. मनात आलं, उतरावं का? पण वेशीवर अख्खं गाव उभं असेल. कवडूजी पाय उचलून पाहतील. हळद गेली तर नाव गेलं, नाव गेलं तर काम गेलं, आणि पुन्हा ती मिरची. नको रे बाबा! त्यानं तिसरी चक्कर मारली.

तेवढ्यात एक दाढीवाला पाहुणा ओरडला, "अहो, काय करताय? तुमच्याच चाकाखाली सगळा माग पुसला जातोय!"

इस्तारीनं खाली पाहिलं. खरंच की! जिकडे तिकडे त्याच्याच टायरची वेटोळी. बाईंचा माग त्यानं स्वतःच्या हातानं, नव्हे चाकानं, मिटवून टाकला होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. तिकडे एक म्हातारं माणूस एकटं पडलंय आणि आपण इथे तळपाय जपत बसलोय!

त्यानं ब्रेक दाबला आणि पाय टेकला. दोन्ही पाय. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्या वाटेची गार माती त्याच्या तळव्याला लागली. सायकल तिथेच आडवी टाकली आणि तो गुडघ्यांवर बसून माती बघायला लागला. बराच वेळ काहीच सापडेना. शेवटी नाल्याच्या वाटेला, रायमुनियाच्या झुडपाखाली, वीतभर माग उरलेला दिसला. एकाच सायकलीचं चाक आणि बाजूला बुटाचे ठसे. म्हणजे बाई उतरून, सायकल ढकलत गेल्या होत्या.

"तुम्ही इथंच थांबा जी, कोणी हलू नका!" असं म्हणून तो अनवाणी धावत सुटला. काटे मोडले, खडे टोचले. तो हाका मारत होता, "बाई! ओ कालिंदीबाई!"

उत्तर आलं ते सायकलच्या घंटीचं. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग! बाई नाल्याच्या काठी एका दगडावर बसल्या होत्या. गुडघा खरचटला होता. सायकल खाली चिखलात पडली होती, पण घंटी तेवढी काढून त्यांनी हातात घेतली होती.

"आलात का एकदाचे!" बाई म्हणाल्या. "साखळी तुटली, वाट चुकले, घसरून पडले. घंटी वाजवून अंगठा दुखला माझा. आणखी थोडा वेळ कोणी आलं नसतं, तर अस्वलालाच रस्ता विचारणार होते." एवढं म्हणून त्या हसल्या, पण हातातली घंटी काही त्यांनी खाली ठेवली नाही. इस्तारीला ते दिसलं. त्यानं हात जोडले.

"चुकलं जी माझं. मागं वळून पाहाले पाहिजे होतं."

बाईंनी त्याच्या पायांकडे पाहिलं. "अहो, तुम्ही पायी आलात? मग तुमची ती चौदा वर्षं?"

"ते तिवाट्यावर राहिले जी. जाऊ द्या," तो म्हणाला आणि गुडघाभर चिखलात उतरला. एका खांद्यावर सायकल घेतली, दुसऱ्या खांद्यावर बाईंना हात ठेवू दिला आणि हळूहळू दोघं वर आले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग इस्तारीनं बांबूच्या सालीची दोरी वळली. बाईंची सायकल आपल्या सायकलमागे बांधून तो त्यांना ओढत घेऊन निघाला. चढ आला की सरळ उतरायचा आणि ढकलायचा. गंमत म्हणजे उरलेल्या वाटेत पाहुण्यांना खरी मजा आली. वाटाड्या खाली उतरला होता, त्यामुळे त्यानं त्यांना अस्वलाच्या पंजाचा ठसा दाखवला, बोडीतले शिंगाडे काढून दिले आणि पाण्यात वाकून झिंगे कसे धरायचे तेही शिकवलं.

वेशीवर गाव जमलं होतं. ढोल वाजत होता. इस्तारी आला तसे कवडूजी पुढे झाले, त्यांनी सवयीनं त्याचा पाय उचलला आणि ढोल बंद पडला. हळदीचा टिपूस नव्हता. गुडघ्यापर्यंत चिखल.

"इस्तारी," कवडूजी हळूच म्हणाले, "पाय टेकला का गा?"

"टेकला," इस्तारी म्हणाला. मान खाली होती. गर्दीत उभ्या पार्बताला माळ्यावरची पेटी दिसायला लागली.

देवकाबाई एकेका पाहुण्याच्या हेल्मेटला बोट लावत मोजत गेल्या. शेवटचं बोट त्यांनी कालिंदीबाईंच्या हेल्मेटवर ठेवलं. "बारा. सगळे हायेत." मग कालिंदीबाईंच्या गुडघ्याकडे पाहून म्हणाल्या, "बाई, खरं सांगा. कसा वाटला आमचा वाटाड्या?"

कालिंदीबाईंनी सगळं खरं सांगितलं. चकरा मारल्या तेही, आणि अनवाणी धावत आला तेही. शेवटी म्हणाल्या, "सकाळचा वाटाड्या तुम्हीच ठेवून घ्या. दुपारचा असेल तर पुढच्या महिन्यात मी माझ्या सगळ्या मैत्रिणींना घेऊन येते."

गाव खो खो हसलं. इस्तारीही हसला. देवकाबाई म्हणाल्या, "मंग दुपारचाच पक्का! इस्तारी, काम तुलेच."

कवडूजी तेवढे खट्टू झाले. "पण मंग हळदीचं काय जी?"

"हळद वरणात टाका, कवडूजी! पाहुणे उपाशी हायेत!"

ढोल पुन्हा सुरू झाला. पार्बता पाण्याची घागर घेऊन आली आणि नवऱ्याच्या पायांवर पाणी ओतू लागली. चिखल काही केल्या निघेना. मध्येच तिचे डोळे भरले, आणि ती हसतही होती.

"चौदा वर्सं हे हळदीचे पाय घेऊन आले अन् तिसऱ्या दिवशी मले सोडून गेले," ती शेजारणीला म्हणाली. "आज मळून आले, अन् घरी राहिले."

तात्पर्य: पुढे चालणाऱ्यानं आपलं नाव जपण्याआधी आपल्या मागचं माणूस जपावं; त्यासाठी खाली उतरावं लागलं, तर त्यात कमीपणा नाही.