सुकरीचं परस

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा बैलाच्या मानेला जू ठाऊक नव्हतं आणि माणसाला स्वतःचं गाव नव्हतं. आज जिथं कंदवाडी आहे, तिथं चार झोपड्या उभ्या राहायच्या. आजूबाजूच्या रानातलं खाणं संपलं की माणसं घाटापलीकडे निघायची. ज्याला चालवत नसे, त्याच्याजवळ विस्तव आणि भोपळ्यात पाणी ठेवून जायची. दुष्ट नव्हती बिचारी, रडत रडत जायची. पण जायची.

एका उन्हाळ्यात सुकरीच्या सासूचे, भुरकाईचे, पाय गेले. सुकरीच्या नवऱ्याला वाघानं नेलेलं, तिला उरली होती ती ही म्हातारी. आणि म्हातारी तोंडाची भारी तिखट. "जा गं तू. तुझ्या हातचं कडू खाण्यापरीस उपाशी बरी," असं म्हणून तिनं तोंड फिरवलं. सुकरी तिच्याशेजारी बसली आणि बांधलेलं गाठोडं तिनं सोडलं.

टोळीचा म्होरक्या होता दोधा. तो समजावायला आला. "पोरी, पावसात भाजी मिळंल, वढ्यात खेकडं मिळतील. पाऊस सरल्यावर काय खाशील? हिला एकटी टाकून डोंगरावर कंद खणाया कशी जाशील?"

त्याचं खरंच होतं. सुकरी विचार करकरून थकली. मग उठली आणि डोंगरावर गेली.

कंद खणला की त्याचं डोकं, म्हणजे वेल फुटतो ते टोक, त्याच खड्ड्यात परत पुरायचं, अशी रीत होती. डोंगराचं डोंगराला. सुकरीनं ती डोकी खाली आणली आणि झोपडीमागच्या राखेच्या मऊ मातीत पुरली. असं त्याआधी कुणीच केलं नव्हतं. दोधा तर घाबरूनच गेला.

"डोंगर कोपंल, सुकरे."

"माझ्यावर कोपू दे. म्हातारीला मी मरू द्यायची नाही."

टोळी निघून गेली. मग पाऊस लागला. संध्याकाळी वीतभर दिसलेला वेल सकाळी छपरावर असायचा, असं म्हणतात. भुरकाई कुरकुरायची, की मला दारसुद्धा सापडेना. एकदा रानडुकरांचा कळप आला. सुकरी काट्यांच्या कुंपणापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "बाबांनो, अख्खं रान तुमचं. एवढं म्हातारीचं." पुढच्या डुकरानं तिच्याकडे पाहिलं आणि कळप मागे फिरला, असं म्हणतात. मला तर हे पटतं. तेव्हाचा तिचा चेहरा पाहून वाघही मागे फिरला असता.

थंडीत वेल वाळले. सुकरीनं माती उकरली, तर एकेक कंद वासराएवढा, ओढून काढावा लागला, असं म्हणतात.

पुढे टोळी परतली. गालफडं बसलेली, पोरं मलूल. दोघींची हाडं पुरायची म्हणून आधी इकडेच आली, तर झोपडीतून धूर निघत होता. मागे परसात भुरकाई कंद भाजत बसली होती.

"पुरलेल्या कंदांच्या डोक्यांवर पाय देऊ नका," ती खेकसली. "आन् खाऊन घ्या आधी."

दोधानं खाल्लं. खाताना त्याला रडू आवरेना, कारण त्यानं स्वतःची आई अशीच घाटाखाली मागे ठेवली होती.

"हे आमाला शिकव, सुकरे," तो म्हणाला.

त्या वर्षी झोपड्या मोडल्या नाहीत. पुन्हा कधीच मोडल्या नाहीत.

आजही कंदवाडीत घरोघरी परस आहे. पावसाआधी घरातल्या सगळ्यात थकलेल्या माणसाला उचलून तिथं नेतात आणि कंदाचं पहिलं डोकं त्याच्या हातानं लावतात. आणि लग्नाला असो की बाजाराला, माणसं गावाबाहेर निघाली की वेशीवर थांबतात. सुकरीचं नाव घेऊन कुणीतरी मोठ्यानं विचारतं, "मागं एकटं कोण राहिलं?" कुणी नाही, असं उत्तर आल्याशिवाय कंदवाडीचा माणूस पाऊल उचलत नाही.