भुकेल्या कोळशाची पारख

पूर्वी सुवेणी नदीच्या काठी, मांजिष्ठा नावाच्या नगरात सुदंत राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका रंगाऱ्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव कोविद असे ठेवले होते.

त्या नगरात तांबडे वस्त्र रंगवीत. मंजिष्ठेची मुळे कुटून, तुरटी घालून उकळत ठेवलेल्या कढया तिथे शेकड्यांनी होत्या. त्यांच्यावरची गुलाबी वाफ सकाळच्या धुक्यात मिसळून घरांवर, झाडांवर, गायींच्या पाठींवर हळूहळू उतरत असे. दुरून येणाऱ्या वाटसरूला वाटे, हे नगर जमिनीवर नसून एखाद्या ढगात वसले आहे. तिथली कबुतरेसुद्धा पंखांखाली किंचित तांबूस होती. लोक बेताने बोलत, कारण वाफेत आवाज फार दूर जात नसे.

कढयांत उरलेले पाणी मात्र नदीत सोडले जाई. नगराच्या खाली दीड कोसावर नदी वळते, तिथे वाळूत कलिंगडे लावणाऱ्या लोकांची वस्ती होती. तिचे नाव वाळकी. वाळकीची माणसे तेच पाणी पीत. त्यांची नखे तांबडी असत, वासरे जन्मतःच अशक्त निघत आणि मुलांच्या ओठांच्या कडा सदा चिरलेल्या असत. एके वर्षी तिथल्या पाच बायका राजसभेत आल्या. त्यांनी काही मागितले नाही. नदीच्या पाण्याने भरलेली एकेक घागर त्यांनी राजापुढे ठेवली आणि त्या खाली बसल्या. राजाने पहिल्या घागरीत पाहिले, मग दुसऱ्या. पाचवीपर्यंत तो गेला नाही.

त्याच दिवशी आज्ञा निघाली. येत्या वसंतापासून कढयांचे पाणी आधी हौदांत घ्यावे, तिथे भुकेल्या कोळशाच्या थरांतून गाळावे आणि मगच नदीत सोडावे.

भुकेला कोळसा म्हणजे काय, तेही सांगायला हवे. डोंगरातून दगडी कोळसा काढतात. बंद भट्टीत, वारा लागू न देता तो तापवतात आणि मग त्याच्या अंगावरून पाण्याची वाफ सोडतात. त्याने त्याच्या कणाकणात डोळ्यांना न दिसणारी बिळे पडतात. असा कोळसा पाण्यातला रंग आणि घाण आपल्या पोटात ओढून घेतो. म्हणून लोक त्याला भुकेला म्हणत.

हा कोळसा कोणाकडून घ्यायचा, हे ठरवण्याचे काम रंगाऱ्यांच्या संघाने कोविदावर सोपवले, कारण त्याने आयुष्यात कच्चा रंग पक्का म्हणून कधी विकला नव्हता. ज्याच्या नावावर तो मुद्रा उमटवील, त्याच्याकडून बारा वर्षे कोळसा घेतला जाणार होता. संघाचा प्रमुख, श्रेष्ठी महाकर्ण, त्याला एवढेच म्हणाला, "वसंताला तीन महिने उरलेत, कोविदा. एकही कढई विझता कामा नये. तेवढं पाहा, बाकी तुझ्या मनासारखं कर."

विक्रेते दहा दिशांनी आले. कोविद त्यांच्या पोत्यांच्या तोंडाशी असलेला चकाकता माल बाजूला सारी आणि हात तळापर्यंत घालून मूठभर कोळसा काढी. तो तळहातांत चोळी. ज्याचा भुगा होई, तो परत जाई. जो टिके, त्याचे चार कण तो वाटीतल्या पाण्यात टाकी आणि वाटी कानाशी नेई. चांगला कोळसा पाण्यात पडला, की त्याच्या बिळांतली हवा बारीक बुडबुड्यांनी बाहेर येते आणि फार मंद असा तडतड आवाज होतो, जणू दूर कुठे कोणी वाळल्या पानांवरून चालत आहे. कोविद डोळे मिटून ऐकत बसे. कधी कधी दुपार होऊन जाई. अशा रीतीने शेवटी दोघेच उरले.

एक होता सार्थवाह, म्हणजे व्यापारी तांड्याचा नायक, विलोचन. त्याच्या चारशे गाड्या होत्या, हसणे मोकळे होते, आणि ज्या गावात तो उतरे तिथली कुत्रीसुद्धा त्याच्या मागे चालत. कोविद सात वर्षांचा असताना पुराच्या पाण्यात वाहून चालला होता. तेव्हा काठावरून जाणाऱ्या तांड्यातून एकट्या विलोचनानेच उडी घेतली होती आणि त्याला केसांना धरून बाहेर काढले होते. कोविद त्याला तात म्हणे.

विलोचनाचा कोळसा खरोखर अप्रतिम होता. तांबडे पाणी त्यावर ओतले, की खालून स्फटिकासारखे पाणी निथळे. संघाचे लोक पाहून थक्क झाले.

"किती गाड्या लागतील ते सांग," विलोचन म्हणाला. "पहिल्या दिवसापासून हौद भरून देतो. माझ्या नव्या खाणीत डोंगर संपेल इतका माल आहे."

दुसरी होती मेखला, उत्तरेकडच्या डोंगरातली एक भट्टीवाली. नवऱ्यामागे तिनेच भट्ट्या चालवल्या होत्या. तिचा कोळसा दिसायला मळकट होता. तो रंग घेई, पण सावकाश. तिने गाड्यांबद्दल काही विचारले नाही. ती हौदापाशी उभी राहिली, नदीकडे बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, हे पाणी पुढे पितं कोण?"

कोविदाने तिला वाळकीबद्दल सांगितले.

"मग माझा माल नुसत्या डोळ्यांनी पारखू नका," ती म्हणाली. "कोळसा पाण्यातलं काय घेतो, ते दिसतं. पण तो स्वतःतलं काय पाण्यात सोडतो, ते दिसत नाही. कोळसा दगडाच्या पोटातून येतो, आणि प्रत्येक खाणीच्या पोटात काहीतरी असतंच. आम्ही भट्टीतून काढलेला कोळसा आंबट कांजीत भिजवतो. मग ओढ्याच्या पाण्याने धुतो. धुतलेल्या पाण्याला ओढ्याचीच चव येईपर्यंत धुतो. त्यात फार दिवस जातात. म्हणून मी वसंतापर्यंत तुमच्या निम्म्या हौदांपुरताच माल देऊ शकते. खोटं कशाला सांगू?"

कोविद घरी आला आणि त्याने पडवीत दोन रांजण मांडले. एकात मेखलेच्या कोळशातून गाळलेले पाणी भरले, दुसऱ्यात विलोचनाच्या. दोन्हींतले पाणी इतके नितळ होते, की रांजण रिकामे वाटत.

त्याची बायको चारुमती दारात उभी होती. "आता काय करणार?" तिने विचारले.

"पिणार. सात दिवस हे, सात दिवस ते. दुसरं पाणी नाही."

"घरात गडी आहेत, गोठ्यात जनावरं आहेत. तुम्हीच कशाला?"

"वाळकीच्या लोकांना कोणी विचारलं होतं का?" कोविद म्हणाला. "आता मी गड्यालाही विचारणार नाही आणि बैलालाही नाही."

चारुमतीने पेला धुऊन आणून ठेवला.

पहिले सात दिवस मेखलेच्या पाण्याने गेले आणि त्यांत काहीच घडले नाही. मग कोविदाने दुसऱ्या रांजणाचे झाकण काढले. ते पाणी गोड लागले. चौथ्या दिवशी तोंडात तांब्याचा तुकडा धरल्यासारखी चव राहू लागली. पाचव्या दिवशी पोटात कळा आल्या. सहाव्या दिवशी तो पडवीतच पडून राहिला आणि ऐन दुपारी त्याचे डोळे मिटले.

त्या ग्लानीत त्याने पाहिले, की वाळकीच्या बायका नदीतून चालत आहेत. त्यांनी वाकून नदी काठाशी धरली आणि लांबच लांब तांबड्या वस्त्रासारखी उचलली. तिची एक घडी घातली, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी तेवढी मोठी नदी एकीच्या हातावर मावली. ती बाई त्याच्याकडे आली आणि म्हणाली, "तुमच्या नगराचं आहे, ठेवून घ्या." त्याने हात पुढे केले, पण बोटे उघडेनात.

तो जागा झाला तेव्हा खरोखरच बोटे मिटत नव्हती आणि उघडतही नव्हती. त्यांत मुंग्या भरल्या होत्या. चारुमती त्याचा हात आपल्या हातात घेऊन बसली होती. "आता पुरे झालं," ती म्हणाली. "कळलं ना?"

"कळलं," कोविद म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. पोटातल्या कळांनी नव्हे. आता हे विलोचनाला सांगायचे होते.

तिच्या हातचे ताक आणि पेज घेऊन काही दिवसांनी तो उभा राहू लागला. संघाची सभा भरली. राजाही येऊन बसला. मधोमध दोन रांजण ठेवले होते. कोविद म्हणाला, "दोन्ही पाणी मी प्यालो आहे. माझी मुद्रा मेखलेच्या नावावर आहे."

सभेत गलबला झाला. विलोचन मात्र हसत उठला. त्याला राग आला नव्हता, फक्त नवल वाटले होते. "अरे, माझ्या पाण्यात काय कमी पडलं?" असे म्हणत तो आपल्या रांजणापाशी गेला, त्याने पेला भरला आणि कसलाही विचार न करता ओठांना लावला.

कोविद धावला. त्याने पेला उडवला. पाणी विलोचनाच्या छातीवर सांडले.

"तात, नको! मी प्यालो तेवढं पुरे आहे."

तेव्हा विलोचनाने प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले. फिकट चेहरा पाहिला, अर्धवट मिटलेली बोटे पाहिली. त्याने ती बोटे हातात घेतली. "हे माझ्या कोळशाने?"

"तुमच्या त्या नव्या खाणीच्या पोटात विष आहे. कोळसा रंग घेतो आणि ते विष पाण्यात सोडतो. तुम्हाला ते माहीत नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण वाळकीच्या मुलाच्या पोटात ते गेलं, तर तुमचं मन किती चांगलं आहे, याने त्याला काय फरक पडणार?"

विलोचनाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "कोविदा," तो हळूच म्हणाला, "माझे दोनशे खाणकरी तिथलंच पाणी पितात. खाणीत झरा लागला, तेव्हा आम्ही नारळ फोडला होता. गेल्या वर्षापासून त्यांतले काही जण हातपाय बधिर होतात म्हणून सांगत होते. मी म्हटलं, थंडी असेल." त्याने कोणाचा निरोपही घेतला नाही. उपरणे खांद्यावर टाकून तो सभेतून बाहेर पडला. आपल्या सर्वांत वेगवान बैलांची गाडी जुंपायला त्याने सांगितलेले लोकांना ऐकू आले, आणि मग वाफेत चाके दूर जात राहिल्याचा आवाज आला.

महाकर्ण मात्र उसळला. "ही बाई निम्माच माल देणार! म्हणजे वसंतात निम्म्या कढया विझवायच्या? तुला मी एकच गोष्ट सांगितली होती!"

"माझ्या सहा कढया आहेत," कोविद म्हणाला. "त्या आज विझवतो. बाकीच्यांनी आपापलं पाहावं."

"आणि तुझी माणसं खातील काय?"

यावर मेखला उभी राहिली. इतक्या मोठ्या सभेत बोलायची तिला सवय नव्हती. पदराचे टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "मला कोळसा धुवायला हात कमी पडतात. रंगाऱ्यांना धुण्याचं काम मी काय शिकवणार? यांची माणसं माझ्याकडे पाठवा. काम आहे तोवर जेवण आहे."

राजा इतका वेळ ऐकत होता. तो म्हणाला, "मुद्रा उमटली आहे. तसंच होईल."

त्या संध्याकाळी कोविदाच्या अंगणातल्या सहा कढया विझल्या. दुसऱ्या दिवशी आणखी कोणी चार विझवल्या, कोणी दोन. काहींनी शिव्या देत विझवल्या. मांजिष्ठेवरचा ढग विरळ झाला, आणि कित्येक मुलांनी नगराच्या पलीकडचे डोंगर त्या वर्षी पहिल्यांदाच पाहिले. दोन महिन्यांनी विलोचन परतला. त्याने खाण सोडली होती, झऱ्याचे तोंड दगडांनी बुजवले होते आणि आपले खाणकरी दुसऱ्या गावी नेऊन वैद्यांच्या हाती दिले होते. सात जण तो पोहोचण्याआधीच दगावले होते. त्यांची नावे तो एकेक करून कोविदाला सांगत राहिला, आणि कोविदाने ती सगळी ऐकून घेतली. मग विलोचन मेखलेकडे गेला आणि तिचा कोळसा वाहायला आपल्या गाड्या लावून आला. पुढच्या वर्षी सगळे हौद भरले.

कोविदाची बोटे मात्र पूर्वीसारखी झाली नाहीत. वस्त्राचा पोत त्याला पुन्हा कधी हाताने कळला नाही. त्यासाठी तो चारुमतीला विचारी.

वसंतात पहिल्या हौदाचे पाणी नदीत सुटले त्या सकाळी तो वाळकीला गेला होता. बायका घागरी घेऊन नेहमीप्रमाणे पाण्यात उतरल्या आणि उतरल्या जागीच थांबल्या. त्यांतली एक अकरा वर्षांपूर्वी लग्न होऊन तिथे आली होती. ती खाली पाहत राहिली. तिच्या पायांची बोटे वाळूवर दिसत होती, आणि त्यांच्या मधून चिमुकले मासे जात होते. तिने घागर भरली नाही. ती नुसती उभी राहिली, आणि मग तिने शेजारणीचा हात धरून तिलाही खाली पाहायला लावले.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, समोर बसलेल्या भिक्षूंना त्या जन्मीच्या माणसांची ओळख पटवून दिली. लोभाने कढयाच मोजत बसलेला महाकर्ण आज उपनंद होऊन तुमच्यात बसला आहे. सुदंत राजा म्हणजे सारिपुत्त. योग्य प्रश्न विचारणारी मेखला ती खेमा भिक्षुणी, आणि पेला धुऊन देणारी चारुमती ती यशोधरा. माणसांवर जीव टाकणारा विलोचन हा आपला आनंद. वाळकीचे लोक म्हणजे आज इथे बसलेली ही परिषद. आणि कोविद मी होतो. ज्याने प्राण वाचवले आणि जिला कधी पाहिले नव्हते, त्या दोघांकडे मी त्या वेळी एकाच नजरेने पाहिले, आणि पाणी पिणाऱ्यांकडेही त्याच नजरेने. या गुणाला समचित्तता म्हणतात.