पोटातून पत्र

खंदारे बाईंनी सातवीच्या वर्गाला ग्रीक पुराणातल्या, स्वतःचीच पोरं गिळणाऱ्या क्रोनस देवाची गोष्ट सांगितली आणि म्हणाल्या, "त्याच्या पोटातलं पोर होऊन पत्र लिहा."

तुळजाचं पत्र शाळेचे अध्यक्ष दाजीसाहेबांच्या हाती पडलं. महिन्यापूर्वी त्यांच्या दगडखाणीत दरड कोसळली होती. तुळजाचा बाप ढिगाऱ्याखालीच असताना त्यांनी शोध थांबवला होता.

"असल्या राक्षसी गोष्टी इथं चालणार नाहीत! बाई, उद्यापासून येऊ नका," ते वर्गात गरजले.

तुळजा उठली.

"साहेब, त्यानं गिळलेली पोरं शेवटी ओकून तरी दिली. तुम्ही माझा बाप कधी देणार?"

दाजीसाहेब खाली मान घालून निघून गेले.

सकाळी ढिगारा उपसायला यंत्र लागलं. बाई तुळजाचा हात धरून खाणीच्या काठावर उभ्या राहिल्या.