दंडकेतूचा बांध

पूर्वी कांचना नदीच्या पलीकडच्या तीरावर दंडकेतू राजा राज्य करीत असताना अलीकडच्या तीरावर, निचुलपुरात, बोधिसत्त्व एका गृहस्थकुळात जन्मला होता. त्याचे नाव वेणुदत्त. निचुलपुराला राजा नव्हता. घरोघरचे प्रमुख संथागारात, म्हणजे सभागृहात, जमत, मनसोक्त बोलत आणि शेवटी लाकडी शलाका टाकून कौल देत. बोलण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. दर पावसाळ्यात कांचनेला पूर येई, काठची वस्ती बुडे आणि मग सभेत बांधाचा विषय निघे. बैल गेला नि झोपा केला, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले होते.

एका वर्षी पुरात लेकरेही वाहून गेली, तेव्हा मात्र सभेचे डोळे उघडले. पलीकडे दंडकेतूचा बांध जागचा हलला नव्हता. त्या बांधाचा एकेक टप्पा एकेका राखणदाराकडे होता, आणि ज्याचा टप्पा फुटेल त्याला त्याच खिंडारात जिवंत गाडावे, अशी राजाज्ञा होती.

सभेत दोन तट पडले. वृद्ध वासव म्हणाला, "त्या कसायाकडचे मला काही नको. त्याच्या बांधात माणसांची हाडे आहेत."

"आजोबा, पुरात गेली ती हाडे आपली होती," तरुण सुबाहू म्हणाला. "बांध हवा तर दंडही हवा. आपण नुसते बोलत बसतो. तिथे माणसे भीतीने का होईना, काम करतात."

दोघेही मनापासून बोलत होते, त्यामुळे सभेला दोघांचेही पटत होते. शेवटी वेणुदत्ताने जाऊन बांध पाहून यावा असे ठरले.

दंडकेतूने त्याला बांध अभिमानाने दाखवला. नदीकडची बाजू उतरती होती, तिच्यावर मुळांनी माती धरून ठेवणाऱ्या वाळ्याची दाट लागवड होती आणि सगळी डागडुजी हिवाळ्यातच उरकलेली होती. "हा बांध मातीवर नाही, माझ्या धाकावर उभा आहे," राजा म्हणाला. नंतर बोधिसत्त्व एकटाच बांधावरून चालत गेला.

एका टप्प्यावर त्याला शेणाचे ताजे सारवण दिसले. बांध कोणी सारवत नाही. त्याने तिथे हात लावताच तिंदुक नावाचा राखणदार त्याच्या पाया पडला.

"आत भेग आहे, आर्य. बुजवायला शंभर माणसे लागतील. पण माणसे मागायची म्हणजे भेग कबूल करायची. घरात दोन मुली आहेत. म्हणून सारवली."

"आणि इतरांच्या टप्प्यांचे काय?"

"इथे कोण कोणाला सांगतो?"

बोधिसत्त्वाला फार वाईट वाटले. भेग सांगावी तर हा माणूस जाणार, न सांगावी तर सारे नगर. तो राजाकडे गेला आणि म्हणाला, "महाराज, जो आपल्या टप्प्याची भेग दाखवील त्याला अभय द्या. एवढी दवंडी पिटवा."

"माझ्या बांधाला भेग नाही," राजा म्हणाला. "आजवर एकाही राखणदाराने सांगितलेली नाही."

निघताना बोधिसत्त्व तिंदुकाला म्हणाला, "पाणी चढू लागले की थांबू नकोस. वस्तीला घेऊन आमच्या तीरावर ये."

संथागारात परतल्यावर तो म्हणाला, "वासवा, आपण कोणाच्या राज्यात उगवतो हे वाळ्याला ठाऊक नसते. तो घेऊ. उतार, हिवाळ्यातले काम, टप्प्याटप्प्याचे राखणदार, हेही घेऊ. सुबाहू, दंड मात्र तिकडेच राहू दे. बांध धरून ठेवतो तो उतार. धाक फक्त भेगा झाकतो. आपल्याकडे जो भेग दाखवील, त्याच्या हाकेसरशी सगळी सभा टोपल्या घेऊन धावेल."

सुबाहूला हे पटले नाही. त्याने विरोधात शलाका टाकली. पण कौल दुसरीकडे गेला तेव्हा त्याने एक टप्पा मागून घेतला, आणि हिवाळाभर सर्वांत जास्त माती त्यानेच वाहिली.

पावसाळ्यात कांचना फुगली. सुबाहूच्या टप्प्यातून गढूळ पाणी झिरपू लागले आणि त्याने हाक दिली. एरवी एका वाक्यावरून दिवसभर भांडणारी माणसे मुकाट्याने टोपल्या पुढे देत राहिली. बांध टिकला. पलीकडे तिंदुकाचा टप्पा फुटला, पण त्याआधीच तो सारी वस्ती होड्यांतून अलीकडे घेऊन आला होता.

पाणी ओसरताच दंडकेतूचा दूत आला. "तिंदुकाला स्वाधीन करा, नाहीतर युद्धाला तयार व्हा."

एका परक्या माणसासाठी नगर पणाला लावायचे का, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. तिंदुक दोन्ही मुलींचे हात धरून खांबाशी उभा होता.

तेव्हा सुबाहू उठला. "दूता, माझाही टप्पा झिरपला होता. हाक मारायची मला भीती नव्हती, म्हणून मी हाक मारली. सभेने माझे म्हणणे ऐकले असते, तर मीही भेग सारवून गप्प बसलो असतो आणि आज तुझ्याशी बोलायला इथे कोणी उरले नसते. या माणसाला पुरायचे असेल तर आधी मला पुरा."

"आणि मला," वासव म्हणाला. "फार खणावे लागणार नाही. मी निम्मा गेलेलाच आहे."

शलाका पडल्या. तिंदुकाला परत देण्याच्या बाजूने एकही नव्हती.

बोधिसत्त्व दूताला म्हणाला, "राजाला सांग, बांध आम्ही त्याच्याकडून शिकलो आणि ते ऋण मानतो. आता त्याने आमच्याकडचे अभय न्यावे. नेले, तर तुमच्या बांधावर माती वाहायला आम्ही येऊ."

दंडकेतू युद्धाला आला नाही. त्याच्या सैनिकांची बायकामुले तेव्हा निचुलपुरात जेवत होती.

एका कठोर स्थविराच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूच्या, विहाराचे अंगण फार स्वच्छ असते, तेव्हा त्याची छडीही आपण घ्यावी का, असा वाद भिक्षूंत चालला असता शास्त्याने, भगवान बुद्धाने, ही कथा सांगितली. तो म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाचा दंडकेतू म्हणजे तो स्थविर. त्याच्याकडून पळून आलेला नवशिका श्रामणेर म्हणजे तिंदुक. वासव म्हणजे त्याचा झाडूही नको म्हणणारा तुमच्यातला वृद्ध, सुबाहू म्हणजे छडी मागणारा तरुण, आणि वेणुदत्त मीच होतो. चांगले ते शत्रूकडूनही घ्यावे, पण ते कशाने टिकते हे ओळखून घ्यावे. ही प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता."

छडी मागणारा तरुण उठला आणि झाडू घेऊन अंगणात गेला.