सरणाभोवतीचं मडकं

दगड आणि मडकी बोलायची तेव्हाची गोष्ट. एका मडक्याला आपल्या गोल पोटाची भारी घमेंड होती. "मी लग्नघरी जाणार," असं ते कुंभाराच्या दारात बसून सगळ्यांना ऐकवायचं. गेलं मसणात.

रखमाजी मेला होता. त्याच्या थोरल्यानं पाण्यानं भरलेलं ते मडकं खांद्यावर घेतलं आणि सरणाभोवती फिरायला लागला. मागून एक भाऊबंद दगड घेऊन चालला होता, मडक्याला भोक पाडायला.

"दगडदादा, मारू नका हो, मी मरेन," मडकं रडायला लागलं.

"मी मी काय लावलंस? कोण तू?" दगड खेकसला.

"मी पाणी धरणारं मडकं."

दगडानं टोचा मारला. धार लागली, पाणी वाहून गेलं. "आता धरतंयस का पाणी? मग हे बोलतंय कोण?"

"मग मी हे पोट."

दगडानं दुसरा टोचा मारला. "भोक पोटाला पडलं. आतल्या पोकळीला कुठं पडलं, दाखव बघू."

मडक्यानं जन्मात पहिल्यांदा आत बघितलं. आतली पोकळी कुठं संपते आणि बाहेरची कुठं लागते, ते त्याला काही केल्या सापडेना. त्याचं रडं थांबलं.

थोरल्यानं मागं न बघता मडकं खांद्यावरून टाकून दिलं. त्याच्या खापऱ्या झाल्या. दगडानं कान दिला, पण मडक्यानं हूं की चूं केलं नाही.

बोंब मारली ती थोरल्यानं.