एका शब्दाचे त्रेचाळीस अर्थ

एका जंगलात एक वाघ राज्य करायचा आणि बाकीचे प्राणी त्याला दर पाच वर्षांनी निवडून द्यायचे. ही पद्धत सगळ्यांच्या सोयीची होती. निदान वाघाची तरी तशी पक्की खात्री होती. वाघाचं नाव पट्टेराव.

पट्टेरावांना एकच अडचण होती. ते रोज कोणाला तरी खात. मग काटेकर बाबू, म्हणजे दप्तरातलं साळिंदर, पाठीवरचा एक काटा उपटून त्याची लेखणी करी आणि मृत्यूवहीत इमानेइतबारे लिही, 'वाघाने खाल्ले.' पानंच्या पानं तेच. निवडणूक जवळ आली होती आणि वही चाळताना पट्टेरावांना स्वतःचाच कंटाळा येऊ लागला होता.

"आपली भाषा फार गरीब आहे," ते म्हणाले.

तेव्हा रावेसाहेब पुढे सरसावले. रावेसाहेब म्हणजे पोपट. सात वर्षं डाकबंगल्याच्या पिंजऱ्यात काढल्यामुळे ते उच्चशिक्षित गणले जात. तिथून येताना त्यांनी एक इंग्रजी शब्द आणला होता. अ‍ॅडजस्ट.

"महाराज, डाकबंगल्याचा सगळा कारभार याच्यावर चालतो," ते म्हणाले. "खोलीत चौघं असताना पाचवा आला, अ‍ॅडजस्ट. रश्श्यात मीठ जास्त पडलं, अ‍ॅडजस्ट. पंखा बंद पडला, अ‍ॅडजस्ट. साहेबांचा मेहुणा नोकरीला लागला, तोही अ‍ॅडजस्टच."

महाराजांनी त्यांना उभ्या उभ्या शब्दमंत्री केलं. समिती बसली. तिनं या एका शब्दाचे त्रेचाळीस अर्थ शोधून काढले: सरकून बसणे, सामावून घेणे, मिटवणे, जुळवणे, पचवणे, आणि असेच पुढे. सातव्या अर्थापर्यंत समितीचे सगळे सदस्य जागे होते.

मग जंगलाला जो काही हुरूप आला, त्याला तोड नाही. तळं आटलं, तर पाण्याने जागा करून दिली म्हणून सत्कार झाला. विरोधी पक्षनेते लांडगे यांनी सोमवारी महाराजांचा राजीनामा मागितला आणि मंगळवारी ते मंत्री झाले. हा अर्थ क्रमांक एकोणीस. प्रचाराची घोषणा ठरली, 'थोडं सरका, जंगल बसवा!' ती देता देता ससे इतके सरकले की तिघं शेजारच्या जंगलात जाऊन पडले, आणि तिथून हात हलवू लागले. 'खाल्ले' हा शब्द असंसदीय ठरला.

अशा या आनंदात कवडीबाई चितळीण दप्तरात आली. तिची बहीण बुंदी दोन दिवसांपूर्वी गेली होती.

"बाबू," ती म्हणाली, "माह्या बहिणीले वाघानं खाल्लं. तेवढं लिवा."

"तो शब्द आता चालत नाही, बाई. 'अ‍ॅडजस्ट झाली' असं लिहितो."

"ते कोनाले झाली? ते तर ओरडत होती."

काटेकरांनी त्रेचाळीस अर्थांचा तक्ता पुढे केला. "यातला कुठलाही निवडा. 'शासनाच्या अंतरंगात प्रवेश', हा बघा किती भारदस्त आहे. गेल्या आठवड्यात एका सांबरानं आजोबांसाठी हाच घेतला."

"भारदस्त नाही पायजे. खरं पायजे."

काटेकरांना वाईट वाटलं, पण वाईट वाटण्याची सोय तक्त्यात नव्हती. त्यांनी प्रकरण सभेकडे पाठवलं.

सभेत रावेसाहेब अध्यक्ष होते. साक्षीला झिबल वानर होता. टेहळणीच्या झाडावर तो अकरा वर्षं हंगामी होता, आणि योग्य साक्ष दिली तर कायम करू असं त्याला कालच सांगण्यात आलं होतं. तो बिचारा रात्रभर अठ्ठाविसावा अर्थ पाठ करत बसला होता.

"झिबल, सभेला सांग," रावेसाहेब म्हणाले, "बुंदीबाईंचं काय झालं?"

झिबलनं खाली पाहिलं. कवडीबाई त्याच्याकडेच बघत होती. तिच्या कळपानं त्यानं टाकलेला पाला खाल्ला होता आणि त्यानं दिलेली हाक ऐकून अकरा वर्षं जीव वाचवला होता. त्याला कायम व्हायचं होतं. फार फार व्हायचं होतं.

"मी वरून पायलं, साहेब," तो म्हणाला. "वाघानं खाल्लं तिले."

एकच गदारोळ उठला. लांडगे तर रडलेच. सभागृहाची अशी विटंबना त्यांनी मंगळवारपासून पाहिली नव्हती. "तो शब्द कामकाजातून वगळा!" रावेसाहेब किंचाळले. झिबल तिथल्या तिथे हंगामीसुद्धा राहिला नाही.

काटेकरांनी शब्द वगळला. नियमाप्रमाणे वगळलेल्या शब्दाची जागा मोकळी सोडायची असते. वहीत उरलं ते असं: 'कवडीबाईची बहीण बुंदी हिला वाघाने ______.'

कवडीबाईनं ते तीनदा वाचून घेतलं. "बरोबर हाय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी दप्तरासमोर रांग लागली. "आमच्या मायचं बी तसंच लिवा." मोकळ्या जागेला कोणाची मंजुरी लागत नव्हती. आठवड्यात तीन वह्या भरल्या. जो कोणी वाची, तो मोकळ्या जागेपाशी थोडा थांबे आणि मग मान वर करून पट्टेरावांकडे बघे. पट्टेरावांना त्या बघण्यानं अन्न गोड लागेना.

वटहुकूम निघाला. मोकळी जागा सोडणं म्हणजे अफवा पसरवणं. पहिला गुन्हा कवडीबाईवर.

तो नोंदवायला काटेकर बसले. 'आरोपी कवडी हिने वाघाने' इथपर्यंत आले आणि काटा थबकला. शब्द लिहावा तर बंदी, आणि न लिहावा तर जागा मोकळी. त्यांनी घाम पुसला, जागा सोडली, आणि स्वतःच्याच फिर्यादीवरून त्यांना अटक झाली. त्यांचा पंचनामा करणाऱ्या रानकुत्र्याची तीच गत झाली. त्याला पकडणाऱ्याचीही. संध्याकाळपर्यंत कोठडीत जागा उरली नाही, आणि आतले सगळे एकमेकांना म्हणू लागले, "थोडं सरका."

आता या सगळ्या प्रकरणाची चौकशी होणार आहे. समितीचे अध्यक्ष पट्टेराव आहेत. चौकशी निःपक्षपाती व्हावी म्हणून तीत एकही हरीण घेतलेलं नाही; हरणांचे या प्रकरणात हितसंबंध गुंतलेले आहेत.